माणिकअण्णांचा मधला खांब

ये गं इकडं, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण जवळ बस आणि हातातला तो फोन जरा उलटा ठेव. परवा बेंगळूरहून तू मला हसत हसत सांगितलंस, की तुझ्या हाताखालच्या नव्या पोरीनं चुकीची कमांड दिली, दोन दिवसांचं काम वाया गेलं आणि तू तिला सगळ्यांसमोर झाडलंस. वर म्हणालीस, "आजी, साधं समोर लिहिलेलं वाचता येत नाही गं या पोरींना." मला ते आवडलं नाही. तिनं काय टाईप केलं ते तू सांगितलंस. मशीननं तिला काय विचारलं होतं ते मात्र सांगितलं नाहीस. आमचे माणिकअण्णा असते तर त्यांनी तुला तेवढंच विचारलं असतं आणि हात पाठीमागं बांधून तुझ्या उत्तराची वाट बघत उभे राहिले असते.

हे हात पाठीमागं बांधणं लक्षात ठेव. माणिकअण्णांची पहिली ओळख तीच.

मी गुलबर्ग्याला टायपिस्ट होते हे तुला माहीत आहे. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला माझी बदली कॉम्प्युटर केंद्रात झाली. आम्ही परीक्षांचे निकाल तयार करायचो. हॉलभर पसरलेलं एक मशीन, त्याला जोडलेले चार काळे पडदे, त्यावर हिरवी अक्षरं. पडद्यावर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. मशीनला जे सांगायचं ते टाईप करून सांगायचं. आधी आज्ञा, मग एक आडवी रेघ आणि त्या रेघेमागं एखादं अक्षर किंवा शब्द, म्हणजे ती आज्ञा कोणत्या तऱ्हेनं पाळायची त्याची खूण. या खुणांना सगळे ऑप्शन म्हणायचे. माझ्या टाईपरायटरला असलं काही नव्हतं. मी पहिल्या दिवशी दारातच थबकले, तर आतून एक सावळा, उंच, डाव्या पायानं लंगडणारा माणूस आला आणि म्हणाला, "या अक्का. भिऊ नका. हे चावत न्हाई. चुकलं तर ओरडतं, पण चावत न्हाई."

ते माणिकअण्णा. बीदर जिल्ह्यातल्या औरादकडच्या संतपूरचे. घर बौद्ध, वडलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. त्याच साली हैदराबाद राज्य मोडलं आणि आम्ही म्हैसूर राज्यात आलो. अण्णा तेव्हा टेलिफोनच्या तारेवर नुकतेच लाईनमन लागले होते. ते म्हणायचे, "राज्य बदललं, साहेब बदलले, अर्जाची भाषा बदलली. खांब मात्र तितकेच राहिले." पुढं एका खांबावरून पडून पाय मोडला, म्हणून ऑफिसात बसवलं. बसलेल्या माणसानं मग बाहेरून परीक्षा दिल्या, हैदराबादला जाऊन पंचकार्डाचं, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांवर चालणाऱ्या मशीनचं काम शिकून घेतलं, आणि खांबावरचा माणूस फिरत फिरत कॉम्प्युटरपाशी आला. इंग्रजी पुस्तकं ते मोठ्यानं वाचायचे. अडलेला शब्द आला की वहीत लिहायचे. शाईचं पेन, खिशाला निळा डाग, आणि टेबलावर ती लाल पुठ्ठ्याची वही. वहीशिवाय अण्णांना मी कधी बघितलंच नाही.

चहाच्या वेळेला खांबांच्या गोष्टी निघायच्या. त्यातली एक ऐक, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

औरादच्या बाजूला एकशे वीस खांबांची एक लाईन होती. फोन बंद पडला की बाकीचे लाईनमन पहिल्या खांबापासून बघत निघायचे. एक झाला, दोन झाले, कधी कधी दुसरा दिवस उजाडायचा. अण्णा सायकल काढून थेट साठाव्या खांबाला जायचे. वर चढून आपला हातातला फोन तारेला लावायचे आणि एक्स्चेंजला हाक मारायचे. तिकडून आवाज आला की मागचे साठ खांब ठीक, बिघाड पुढं. आवाज नाही आला तर बिघाड मागंच. मग उरलेल्या साठातला मधला खांब. मग तिसातला मधला.

"सात खांबं चढलो की तार सापडली बघा," ते सांगायचे. "लोक म्हणायचे, माणक्याकडं मंतर हाय."

"मंतर नव्हता?" मी विचारायची.

"मंतर कसला अक्का! अर्धं काम न करायची अक्कल. तेवढीच."

पण या गोष्टीला शेपटं असायची, आणि खरी मजा त्या शेपटांत. एकदा मधल्या खांबावर आग्यामोहोळ लागलेलं. जोडीदार म्हणाला, लिहून टाक ठीक हाय म्हणून, कोण बघायलंय. अण्णा शेजारच्या खांबावर चढले आणि वहीत लिहिलं : साठ, माहीत नाही, मोहोळ. "जिथं चढता येत न्हाई तिथं खोटं उत्तर देऊ नये. 'माहीत न्हाई' म्हणायची सोय पाहिजे माणसाला. ती सोय नसली की माणूस लबाड होतो." आणि एकदा कुणीतरी तपासायला सोडवलेली तार परत न जोडताच घरी गेला, मग त्या तपासणीनंच फोन बंद पडला. तेव्हापासून अण्णा उतरताना आपण उघडलेलं सगळं मोजून बंद करायचे. शेतातनं गेले तर शेताचं कवाडसुद्धा.

आणखी एक गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही हसत. एका गावात मोठ्या घरचा फोन दुरुस्त करायला गेले. मालकानं विचारलं, "कुणाचा रे तू?" अण्णा म्हणाले, "लाईनमन." "ते दिसायलंय. कुणाचा?" अण्णा म्हणाले, "तारेचा." पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतायला लागले. अण्णांनी आपली बाटली काढली. फोन लागला, एक्स्चेंजचा आवाज आला, अण्णांनी रिसीव्हर मालकाच्या हातात दिला. मालकानं तो धोतराच्या सोग्यानं पुसला आणि मग कानाला लावला. "आवाज चालला बघा आमच्या हातातनं आलेला," अण्णा म्हणाले. "फक्त पुसून."

आम्ही कुणीच हसलो नाही. ते मात्र हसले आणि कपबशी धुवायला उठले.

तर आता कॉम्प्युटरकडं ये. निकालाचा प्रोग्रॅम सारखा बदलायचा. आज एक विषय वाढला, उद्या कागदाचा मथळा बदलला. प्रत्येक बदलानंतरची आवृत्ती मशीन जपून ठेवायचं. तिला नंबर द्यायचं आणि बदल कुणी केला त्याचं नाव लिहायचं. तुम्ही आजही असंच काहीसं करता म्हणे. एखाद्या दिवशी प्रोग्रॅम बिघडला की साठ आवृत्त्यांतली कोणती बिघडली ते शोधायला आमची माणसं पहिलीपासून सुरुवात करायची. अण्णांनी दोन दिवस ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अरे, हे तर खांबं हायेत."

त्यांनी एक हत्यार लिहिलं. नाव ठेवलं 'मधला'. पहिला नंबर सांगा, शेवटचा सांगा. मधला तुमच्यासमोर मधली आवृत्ती चालवणार आणि विचारणार, ही कशी? तुम्ही उत्तर दिलं की अर्ध्या आवृत्त्या बाजूला. मोहोळाच्या खांबासाठी 'माहीत नाही'ची खूण होती. दिलेली सगळी उत्तरं ओळीनं छापून दाखवायची एक खूण होती, ती त्यांची वहीच म्हण ना. आणि काम संपल्यावर सगळं होतं तसं परत ठेवायची एक खूण, शेताच्या कवाडासाठी.

हत्यार आठ दिवसांत लिहून झालं. खुणांची नावं ठरवायला दोन महिने लागले. केंद्राचे साहेब चिडायचे, नावात काय आहे म्हणायचे. अण्णा म्हणायचे, "साहेब, आत काय हाय ते मला एकट्याला दिसतं. नाव सगळ्यांना दिसतं."

माझं काम होतं मदतीचं पान टाईप करायचं, मशीनशेजारी भिंतीला चिकटवायला. पान झालं की अण्णा मलाच बसवायचे. "वाचा आणि करा. मी काही सांगणार न्हाई." आणि हात पाठीमागं बांधून मागं उभे. मी अडखळले की मला वाटायचं माझं अज्ञान उघडं पडलं. ते मात्र त्या ओळीपाशी कागदावर लाल ठिपका द्यायचे. मी एकदा रडकुंडीला येऊन म्हणाले, "अण्णा, मला नाही जमत हो हे." ते म्हणाले, "ठिपका तुम्हाला न्हाई दिला अक्का. ओळीला दिलाय."

माझ्यानंतर नंबर चहावाल्या मस्तानभाईंचा. मस्तानभाईंना इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं, फक्त आकार दिसायचा. अण्णांना तेच हवं होतं. पहिल्या पानावर दोन खुणा होत्या : लहान डी म्हणजे आवृत्ती दाखव, मोठा डी म्हणजे आतापर्यंतचा सगळा शोध पुसून टाक. अण्णांनी दोन्ही खुणा एकच कळ दाबून दाखवल्या. मस्तानभाई किटली खाली ठेवून बघत राहिले.

"ये क्या करता अण्णा?"

"दाखवतं."

"और ये?"

"पुसून टाकतं."

"एक दिखाता, एक मिटाता, और दोनों के वास्ते एकीच बटन?" मस्तानभाईंनी कपाळाला हात लावला. "मट्टी का तेल, वो घासलेट, मैं दूध के बाजू में नै रखता अण्णा. दोनों की बाटली एक सरीखी नै होती?"

अण्णा इतके खूश झाले की त्यांनी त्या दिवशी दोनदा चहा घेतला. पुसायच्या खुणेला त्यांनी लांबलचक पूर्ण शब्द ठेवला. "जे परत येत न्हाई ते करायला बोटाला कष्ट पडले पाहिजेत. तेवढ्यात माणूस शुद्धीवर येतो." बाकीच्या खुणांचीही अक्षरं जाऊन शब्द आले. आणि सगळ्यांत महत्त्वाच्या दोन उत्तरांसाठी, म्हणजे ही आवृत्ती कशी या प्रश्नासाठी, अण्णांनी शब्द ठेवले गुड आणि बॅड. त्या दोन शब्दांचा त्यांना फार अभिमान होता. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू, आमच्या हॉलमध्ये चारही भाषा बोलल्या जायच्या, पण गुड-बॅड कळत नाही असा माणूस नव्हता. मी अडखळले नाही. मस्तानभाईंनी मान डोलावली. त्या ओळीला एकही लाल ठिपका पडला नाही.

आणि नेमक्या त्याच ओळीनं घात केला.

आमच्याकडं गिरिजा नावाची तात्पुरत्या नेमणुकीची ऑपरेटर होती. बसवकल्याणजवळच्या मंठाळची, शेतकऱ्याच्या घरची. बावीस-तेवीस वर्षांची असेल. नेमणूक कायम व्हायची वेळ आली होती. वडलांनी एक वर्षाची मुदत दिलेली : नोकरी पक्की झाली तर शीक, राहा, नाही तर मंठाळला ये, स्थळ बघून ठेवलंय. ती रोज सकाळी सगळ्यांच्या आधी यायची आणि पडद्यांवरची धूळ पुसायची, जशी काही धुळीमुळंच नोकरी जाणार होती.

अण्णा मुलीच्या लग्नासाठी संतपूरला रजेवर गेले आणि त्याच आठवड्यात एक तक्रार आली. एका मुलाला तोंडी परीक्षेचे मार्क न धरताच नापास केलं होतं. त्याच्या वर्गातल्या सगळ्यांचंच तसं झालेलं. साहेब घाबरले. माणूस वाईट नव्हता, म्हैसूरकडचा, शिस्तीचा. पण वरून फोन आला की त्यांना आधी नाव हवं असायचं. त्यांनी गिरिजाला मशीनपुढं बसवलं, स्वतः मागं उभे राहिले आणि म्हणाले, "मधला चालव. कुणी बिघडवलं ते बघू."

तो शोध कसा चालला ते मी माझ्या टेबलावरून बघत होते. आवृत्त्या होत्या चौसष्ट. मशीननं बत्तिसावी चालवली. तोंडी मार्क धरलेले होते. गिरिजानं खरं तेच लिहिलं : गुड. मग अठ्ठेचाळिसावी. गुड. छप्पन, साठ, बासष्ट, त्रेसष्ट. गुड, गुड, गुड, गुड. आणि मग प्रिंटरवर ओळ आली : पहिली बॅड आवृत्ती चौसष्ट. बदल केला : गिरिजा.

सहा वेळा खरं बोलून पोरीनं स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव छापलं होतं.

ती म्हणाली, "साहेब, मी तर फक्त मथळा बदलला होता." साहेबांनी कागद फाडून घेतला. "मशीन खोटं बोलेल? सोमवारपासून येऊ नकोस. कागद मी वर पाठवतो." त्या दिवशी शुक्रवार होता.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस. अण्णा सकाळीच आले, लग्नाचे लाडू घेऊन. रजा दोन दिवस शिल्लक होती, पण त्यांना घरी करमायचं नाही. गिरिजा कोपऱ्यात आपला डबा-पिशवी आवरत होती. मी झालं ते सांगितलं. मला वाटलं ते तिला धीर देतील. त्यांनी लाडवाचा डबा माझ्याकडं दिला आणि मशीनकडून उत्तरांची यादी छापून घेतली. एकदा वाचली. परत वाचली.

"गिरिजा, इकडं ये. रडायलीस कामून?"

"अण्णा, माझंच चुकलं असंल काहीतरी."

"ते मागनं बघू. ही सहा उत्तरं तुझीच?"

"व्हय."

"सगळी गुड. एकबी बॅड न्हाई. मग हे बॅड आलं कुठनं?"

ती यादीवर वाकली. मीही. अण्णा खुर्चीवर बसले आणि निळा डाग पडलेला खिसा चाचपत राहिले. मग हळूच म्हणाले, "अरे माणक्या."

स्वतःलाच म्हणाले.

झालं होतं असं. मधला हे हत्यार लिहिताना अण्णांनी एक गोष्ट न विचारताच गृहीत धरली होती : आधीचं चांगलं असतं आणि नंतर ते बिघडतं. खांबाच्या कामात तसंच असायचं ना. म्हणून गुड म्हटलं की मधला पुढच्या अर्ध्यात जायचा. इथं मात्र उलटं घडलेलं. प्रोग्रॅम आधी चुकीचा होता आणि मध्येच कधीतरी सुधारला होता; तक्रारीचा निकाल त्या सुधारण्याआधीचा. बिघाड मागं होता आणि प्रत्येक खरं उत्तर पोरीला पुढं पुढं ढकलत होतं. शेवटची आवृत्ती तर मधल्यानं तपासलीसुद्धा नव्हती. शेवटची म्हणजे बॅड, असं आधीच धरलेलं. चूक कुणाची का असेना, नाव तिचंच यायचं जिनं शेवटचा हात लावला.

अण्णांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'तोंडी मार्क धरलेत का?', ती पडद्याला चिकटवली आणि गिरिजाला म्हणाले, "गुड-बॅड विसर. एवढ्याचं उत्तर तोंडानं सांग. बाकीचं मी बघतो." बत्तीस : धरलेत. अण्णा मागच्या अर्ध्याकडं वळले. सोळा : नाहीत. चोवीस : धरलेत. वीस : धरलेत. अठरा : धरलेत. सतरा : नाहीत.

सतरा नाही, अठरा आहे. म्हणजे अठराव्या आवृत्तीत कुणीतरी चूक दुरुस्त केली होती. अण्णांनी नाव काढलं.

गिरिजा.

"काय केलतीस गं त्या दिवशी?"

आता ती खरोखर रडली. म्हणाली, "अण्णा, तोंडी मार्कांची बेरीजच त्यात नव्हती. मला वाटलं टाईप करताना माझ्याच हातनं ती ओळ गळाली. मी गुपचूप घातली. नोकरी कच्ची, कुणाला सांगू?"

अण्णांनी कपाट उघडून मूळ कागद काढला, ज्यावरून तिनं पहिल्यांदा टाईप केलं होतं तो. अक्षर शाईचं, ठळक, माणिकअण्णांचं. त्यात ती ओळ नव्हतीच.

उत्तरांची यादी, अठराव्या आवृत्तीचा कागद आणि हा मूळ कागद घेऊन अण्णा साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडं होतं. साहेब कन्नडमध्ये बोलत होते, अण्णाही. मी तुला आपल्या भाषेत सांगते.

"तुमच्या हत्यारानंच तिचं नाव दिलं, माणिकराव."

"हत्यारानं जे विचारलं त्याचं उत्तर पोरीनं खरं दिलं. विचारायचे शब्द माझे होते. चूक शब्दांत होती."

"शब्दांत? गुड आणि बॅडमध्ये?"

"व्हय साहेब. आणि प्रोग्रॅममधली पहिली चूकबी माझीच. हा कागद. पोरीनं ती झाकली न्हाई, भरून काढली. सतराव्या आवृत्तीपर्यंतचे निकाल परत काढायला लागतील. तेवढेच, पुढचे ठीक हायेत."

साहेबांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. मग त्यांनी विचारलं, "वर नाव कुणाचं लिहू?"

"माझं लिहा."

"बढती अडकेल तुमची."

"खांबावरनं पडलो तवा पाय मोडला साहेब. बढती अडकली तर लंगडायला तर लागणार न्हाई ना."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. गिरिजाच्या नावाचा आधीचा कागद मात्र माझ्यासमोर फाडला. अण्णांची बढती खरंच अडकली, कायमची. गिरिजा सोमवारी आली. सगळ्यांच्या आधी आली, पण त्या दिवशी तिनं धूळ पुसली नाही.

मग परत नावांचा महिना सुरू झाला. अण्णा म्हणाले, "गुड-बॅड हा शिक्का हाय. शिक्का मारला की माणूस बघायचा थांबतो." आणि पडद्याकडं बघतच म्हणाले, "आम्हाला गावात असंच आधी लिहून ठेवलेलं, वाईट म्हणून. तपासायला खांबावर कोण चढलं?" मला तो धोतरानं पुसलेला रिसीव्हर आठवला. 

काय ठेवावं मग? कन्नडवाले म्हणाले हळे आणि होस, म्हणजे जुनं आणि नवं. मी म्हणाले आधी आणि नंतर. भांडणं झाली. शेवटी मस्तानभाईंनी किटली आपटून निकाल दिला : "ओल्ड बस स्टँड, न्यू बस स्टँड. इसमें कोई भटका क्या आज तक?" ओल्ड आणि न्यू ठरले. ओल्ड म्हणजे अजून जुन्यासारखी आहे, न्यू म्हणजे बदललेली आहे. चांगलं का वाईट ते तुमचं तुम्ही ठरवा. मधला आता आधी दोन्ही टोकं तपासून बघायचा; दोन्हीकडं एकच उत्तर आलं तर पुढं जायलाच नकार द्यायचा. आणि गिरिजानं, ती आता धीट झाली होती, एक नवी सोय सुचवली : ज्याचा शोध असेल त्याला आपलेच दोन शब्द ठेवता यावेत, 'धरलेत' आणि 'धरले नाहीत' असे. अण्णांनी ती घातली, आणि सोबत एक खूणही, की सध्या कोणते शब्द चालू आहेत ते मशीनला विचारता यावं. वहीत लिहिलं : सूचना गिरिजाची. मदतीच्या पानावर पहिली ओळ मी टाईप केली, ती त्यांनी सांगितलेली : 'आपण जागा शोधत आहोत, माणूस नाही.'

नव्वद साली अण्णा निवृत्त झाले. त्याच वर्षी जुनं मशीन गेलं, त्याच्याबरोबर मधलाही गेला. मला वाईट वाटलं. त्यांना नाही. "खांब उपटले म्हणून मधला खांब जात न्हाई अक्का. परत कुणी लाईन टाकली की मधोमध असतोच तो." शेवटच्या दिवशी त्यांनी टेबलाचे खण रिकामे केले, खुर्ची मूळच्या जागी सरकवली, पडद्यावर कापड घातलं. होतं तसं परत. लाल वही गिरिजाच्या हातात दिली.

आम्ही दोघी त्यांना बसवायला स्टँडवर गेलो. बीदरची गाडी लागली होती. खिडकीत बसल्यावर त्यांनी वर ताणलेल्या घंटेच्या दोरीकडं बोट केलं. "बघा अक्का. एक वाजली की थांब, दोन वाजल्या की चल. पाठमोरा, नवीन, कुठलाबी डायव्हर असू द्या. आपल्याला इतकं साफ कधी जमलं न्हाई."

"जमलं की अण्णा," गिरिजा म्हणाली. "माझ्यासाठी जमलं."

ते काहीतरी बोलणार होते, पण कंडक्टरनं दोरी ओढली. टण, टण. गाडी हलली. अण्णांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि आम्हाला दोन बोटं दाखवली. गाडी वळेपर्यंत ती दोन बोटं तशीच होती. त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही.

तर पोरी, परवाच्या त्या मुलीला तुझ्या शेजारी बसव. जे पडद्यावर आलं होतं तेच परत तिच्यापुढं आण आणि तू हात पाठीमागं बांध. ती जिथं अडखळेल तिथं ठिपका दे. तिला नको, ओळीला. आणि येत्या सुट्टीत इकडं ये, तिलाही घेऊन ये. गिरिजा इथंच दोन गल्ल्या सोडून राहते, आता तिचेही केस पांढरे झालेत, पण लाल वही अजून तिच्या कपाटात आहे. मी तुरीच्या डाळीचं वरण आणि ज्वारीच्या भाकरी करते. मी एक घंटा वाजवलीय, असं समजू नकोस बरं का. दोन वाजवल्यात. नीघ.